घर माझंच ऐकतं

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची. सामान म्हणजे एक ट्रंक, दोन गाठोडी आणि देवांचा डबा. गाडीवाल्याला उतरवायला काही कष्ट पडले नाहीत, तरी त्याचं तोंड वाकडंच. मेहुणे स्वतः फाटकापर्यंत आले, माझ्या हातातलं गाठोडं काढून घेतलं आणि म्हणाले, ताई, इथे पाहुण्यासारखं राहायचं नाही हं. ऐकून डोळे भरले. आमचे हे गेल्यापासून मी भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी, आणि घरमालक दर महिन्याला खोकून खोकून खोल्या रिकाम्या करायचं सुचवणार. इकडे धाकटी बहीण गेली तिला वर्ष उलटून गेलं. मेहुण्यांना बाहेरचं खाऊन खाऊन वीट आला होता. त्यांना घर बघणारं माणूस हवं, मला छप्पर. दोघांचंही भागलं.

घर ऐसपैस आहे. मला पूर्वेची खोली दिली, तिला चांगली मोठी खिडकी. भिंतीतल्या फळीवर देव मांडले, दिवा लावला, पोथी उघडून चार ओव्या वाचल्या. स्वयंपाकघरात चोवीस डबे निघाले, सगळ्यांवर धाकटीच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. शाळेपासून तिचं अक्षर माझ्यापेक्षा वळणदार. डबे घासले, चिठ्ठ्या तशाच ठेवल्या. नवी वही काढली. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर दिवस. आजचं उजवं पान आनंदाचं आहे.

७ फेब्रुवारी

मेहुण्यांच्या मनात एक मोठा बेत आहे. घरातले सगळे सिनेमे, गाणी, फोटो एका यंत्रात साठवायचे आणि वाटेल त्या खोलीत बघायचे. शिवाय दिवे, पंखे, पाण्याचा पंप, दारांची कुलपं, सगळं त्या यंत्राच्या हुकमावर. त्याला सर्व्हर म्हणतात. दुकानातून आणलेले चार-पाच जाडजूड कागद त्यांनी माझ्यापुढे टाकले आणि म्हणाले, ताई, तुमचा हात हिशेबी आहे, यादी तुम्हीच करा, मला हे लोक लुटतील.

मी जेमतेम मॅट्रिक. पण यादी ती यादीच, लोणच्याची असो की यंत्राची. काय हवं, किती हवं, कुठे बसणार आणि घरात आधीच काय पडून आहे. दुपारभर घरात फिरून खोल्या मोजल्या. अकरा दिवे, सहा पंखे, सात दारं, एक पंप.

९ फेब्रुवारी

जोडणीवाली आली. मला वाटलं होतं पुरुष येईल. ही पन्नाशीची, आडव्या बांध्याची, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. मला काकू म्हणते. पाच वर्षांचंसुद्धा अंतर नसेल.

बाई हुशार. तिचा नियम असा, की जे जागचं हलत नाही त्याला तार आणि जे हातात घेऊन फिरायचं ते बिनतारी. सगळंच बिनतारी केलं, की घरातल्या घरात सगळी यंत्रं एकमेकांवर ओरडत बसतात, माहेरी जमलेल्या सासुरवाशिणींसारखी, असं म्हणून स्वतःच हसली. सर्व्हरसाठी नवं कोरं यंत्र घ्यायला मी तयार नव्हते. तिने तोड काढली: कचेरीतून निवृत्त झालेला एक संगणक, त्याची स्मरणशक्ती वाढवायची आणि दोन मोठ्या डिस्क बसवायच्या, एकीवर जे असेल तेच दुसरीवर. दोन कशाला, म्हटलं. तिने विचारलं, काकू, कपाटाच्या किल्ल्या किती ठेवता? दोन. मग झालं, म्हणाली.

यंत्र ठेवायला घराच्या मधोमधची जागा हवी, म्हणजे सगळीकडे तार कमी लागते. मधोमध आहे ती कोठीची खोली. खिडकी नाही, ऊन नाही. पस्तीस मीटर तार वाचली. धाकटी तिथेच गेली. काही आणायला म्हणून कोठीत शिरली, दम्याचा झटका आला आणि घरात कुणी नव्हतं, मेहुणे दोन दिवस कामासाठी बाहेर. मी उंबऱ्यावर हात जोडले.

दार काढताना जोडणीवाली थबकली. बाहेरच्या बाजूने दोन कड्या, एक वर, एक खाली. म्हणाली, साहेब, कोठीत वाघ पाळला होता की काय? मेहुणे म्हणाले, आधीच्या मालकाच्या वेळच्या असतील. कड्यांचे स्क्रू नवे होते. तिने ते डब्यात टाकले आणि कामाला लागली.

१२ फेब्रुवारी

दोन दिवस नुसता धुरळा. आज यंत्र बसलं.

कोठीचं दार धूळ येऊ नये म्हणून रबर लावून घट्ट केलं. जोडणीवालीने बजावलं, की अशा बंद खोलीत यंत्र गुदमरून जाईल, भिंतीला भोक पाडून हवा ओढणारा पंखा लावावाच लागेल. पंखा थांबला की त्याची झडप आपोआप मिटते. मेहुण्यांना हे लगेच पटलं. यंत्राला हवा लागते म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, खर्चाला होकार दिला.

कुलपं सात दारांना. ती विजेवर चालतात पण पोटात स्वतःचा सेल असतो, वीज गेली तरी असतील तशी राहतात. चांगल्या जातीच्या कुलपाला आतून हाताने फिरवायची मूठ असते. जोडणीवालीचं म्हणणं, सगळ्या दारांना तशीच घ्या. मी सहा दारांना घेतली. कोठीला साधं, बिनमुठीचं घेतलं. कोठीत कोण बसणार आहे, असं मी म्हणाले. मेहुणे पाणी पीत होते. पेला ठेवून बाहेर गेले.

१५ फेब्रुवारी

भिंतीवर लावायची पाटी, म्हणजे जिच्याशी बोललं की घर ऐकतं, ती फार महाग. मी मेहुण्यांच्या खणात धाकटीचा जुना फोन पाहिला होता. जोडणीवालीला विचारलं, हा चालेल का? ती म्हणाली, पळेल. मेहुणे जरा कुरकुरले, तो कशाला, तो खराब आहे. खराब कुठला! चार्जिंगला लावला तर गुणी पोरीसारखा उजळला. कोठीच्या बाहेरच्या भिंतीवर लावून टाकला. त्याचा कान इतका तीक्ष्ण, की कोठीत किंवा स्वयंपाकघरात बोललेलंही त्याला ऐकू जातं.

मग घराला आवाज शिकवायचा. मी वीस वाक्यं वाचून दाखवली. मेहुण्यांना बसा म्हटलं तर त्यांना वेळ नाही, ते स्वतःच्या फोनवरून बटणं दाबतील. आता मी स्वयंपाकघरातून दिवा लाव म्हटलं की लागतो. त्यांनी गंमत म्हणून दोनदा म्हणून पाहिलं, घर ढिम्म. जोडणीवाली म्हणाली, बरोबर आहे, घरसुद्धा बाईचंच ऐकतं. ते हसले. पण तोंडानेच.

१९ फेब्रुवारी

घरातल्या सगळ्या फोनमधले फोटो आणि आवाज सर्व्हर आपणहून ओढून घेतो, अशी सोय आहे. आज निवांतपणे काय काय जमलं ते बघत होते. धाकटीच्या फोनमधून आवाजांच्या एकेचाळीस फिती आल्यात. मला वाटलं तिने म्हटलेली भजनं असणार, तिचा गळा गोड होता. तांदूळ निवडायला घेतले आणि पहिली लावली.

भजन नाही. तिचे फोन आहेत. तिने माझ्याशी केलेले. फोन नोंदवून ठेवायची सोय तिने चालू ठेवली होती.

तांदूळ तसेच राहिले.

२० फेब्रुवारी

एकोणीस ऐकल्या. तेव्हा फोनवर कानाआड केलेलं सगळं पुन्हा. लिहिते, म्हणजे उद्या मलाच खोटं वाटायला नको.

तो तिला कोठीत कोंडायचा. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. दारात शेजारणीशी बोलली म्हणून. एकदा नुसतं उलट बघितलं म्हणून. आधी तास, मग दुपार, मग पूर्ण दिवस. अकराव्या फितीत कड्या घातल्याचा आवाज आहे. वरची, मग खालची. आणि त्याचा आवाज, एकदम गोड, ताईला नमस्कार सांग म्हणतो.

प्रत्येक फोनमध्ये ती एकच विचारते. ताई, मी तिकडे येऊ का?

मी काय म्हणाले ते लिहीत नाही.

आज त्याला मीच वाढलं. घास गिळताना त्याचा गळा खालीवर होतो तो बघत उभी राहिले. ताई, आमटी फक्कड झालीय, म्हणाला. म्हटलं, घ्या ना अजून.

२१ फेब्रुवारी

सगळ्या ऐकल्या. चौकीवर नेऊन द्याव्यात असं मनात आलं. मग आठवलं, त्यात दोन आवाज आहेत. दुसरा माझा.

पोथी उघडली. अक्षर लागेना. देवासमोर बसून आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी वाईट मागितलं. दिवा फडफडलासुद्धा नाही, सरळ जळत होता.

२३ फेब्रुवारी

अकराच्या सुमाराला भाजी चिरत होते. कोठीच्या भिंतीवरून मीच बोलले. म्हणजे माझा आवाज. स्वच्छ, जरा दमलेला. दिवा मालव आणि पड जरा, डोकं शांत होईल. स्वयंपाकघरातला दिवा गेला.

हे मी धाकटीला म्हणाले होते. सहावी फीत.

जोडणीवालीला बोलावून घेतलं. तिने नोंदी काढल्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी हुकूम, आवाज काकूंचा. मी म्हटलं, मी नाही बोलले. ती म्हणाली, शंभरातले अठ्ठ्याण्णव गुण तुमच्या आवाजाला दिलेत यंत्राने, आता यंत्राशी भांडू का? फीत कुणी लावली याची मात्र नोंद नव्हती. तिने हत्यारं पिशवीत भरली. म्हणाली, काकू, तो फोन काढा भिंतीवरून. मी म्हटलं, बघते.

काढला नाही.

कारण ती गेल्यावर चार वाजता मेहुणा न्हाणीघरात होता आणि माझा आवाज म्हणाला, दार लावून घे, शेजारी ऐकतील. खट्. आतली मूठसुद्धा फिरेना. पुरती दहा मिनिटं. बाहेर आला तेव्हा घामाने निथळत होता, ओठ पांढरे. मी देवासमोर जाऊन बसले, पदर तोंडात कोंबला आणि हसले. या घरात आल्यापासून पहिल्यांदा पोट भरून हसले.

धाकटे, तूच ना गं?

२४ फेब्रुवारी

तीच. तिला ठाऊक आहे घर कुणाचं ऐकतं. म्हणून माझाच आवाज वापरते. त्याच्या खोलीतला पंखा फिरेनासा होतो, आंघोळीच्या मध्येच पंप थांबतो, मोठ्या पडद्यावर सिनेमा लागला की आवाज जातो आणि मी बोलते: सोस जरा. पुरुषाचा राग तो, उतरेल.

त्याला अजून कळलेलं नाही. यंत्रात बिघाड समजतो. माझ्यावर खेकसला, म्हणाला, म्हातारे, हे सगळं तुझ्या काटकसरीमुळे. ताई संपली वाटतं.

मला काही वाटलं नाही. मी गरम गरम वाढलं.

२५ फेब्रुवारी

कळलं त्याला. फितींची यादी त्याच्या फोनवर दिसली. जेवता जेवता शांतपणे म्हणाला, उद्या सकाळी कोठीत जाऊन दोन्ही डिस्क काढून फोडणार, भिंतीवरचा फोनही, आणि मी दुसरीकडे कुठे जागा बघावी. भात मागून घेतला. जेवला व्यवस्थित.

उद्या तिचा आवाजही उरणार नाही. जगात कुठेच नाही.

मी आत्ता उठून त्याला सांगू शकते, कोठीत जाऊ नका. दार बिनमुठीचं आहे. एवढं एक वाक्य.

देवासमोर उभी राहून म्हटलं, धाकटे, तुझं तू बघ. मी आड येणार नाही.

२६ फेब्रुवारी

सकाळ, साडेदहा

गेला आत. हातात हातोडी. स्वतःचा फोन बाहेर टेबलावर ठेवून गेला, मला इथून दिसतोय. मी स्टूल घेऊन कोठीसमोर बसलेय. मांडीवर वही.

भिंतीवरून मी बोलले. दार लावून घे.

खट्.

पंखा बंद कर, उगाच वीज जाते.

पंखा थांबला. झडप मिटल्याचा बारीक आवाज. धाकटीला मी हे खरंच म्हणाले होते. कोंडलेल्या माणसाला.

अकरा

मारतोय दारावर. ताई, ताई, अहो ताई. आता पुन्हा ताई झाले. मी उघड म्हटलं की उघडेल. एक शब्द. मी जप करतेय. माळ नाही घेतली, बोटांवर.

साडेअकरा

आत फोडाफोडी. त्याने तारा उपटल्या. सगळ्या घरातले दिवे गेले, फ्रीज बंद, माझ्या देवांपुढची समई तेवढी आहे. यंत्र मेलं. आता सगळं थांबेल.

भिंतीवरून मी म्हणाले, गप्प पडून राहा.

यंत्र मेलंय. फोनची तारही निघालीय, लोंबतेय, पडदा काळा आहे. तरी मी बोलतेय.

साडेबारा

शिव्या संपल्या. आता गयावया. म्हणतो घर तुमच्या नावावर करतो. म्हणतो श्वास लागत नाही. किती गोड वाटलं ऐकायला. देवा, किती गोड वाटलं ते तुझ्यासमोर कबूल करते.

एक वाजला

त्याचा सूर बदलला. हळू बोलतोय. मला नाही.

अगं, म्हणतोय. मला कधी अगं म्हणाला नाही. अगं, ऐक ना. अगं, चुकलो. अगं, लांब राहा, अगं —

मग काही फरफटल्यासारखं. मग नाही.

पावणेदोन

आवाज नाही. एवढं बास. उघडावं आता. त्याला धडा —

म्हटलं, उघड.

काही नाही. पुन्हा म्हटलं. मोठ्याने.

भिंतीवरून माझाच आवाज आला. आत्ता नको. मी पूजेत आहे.

दोन

एकेचाळिसावी. तीच लिहायची राहिली होती.

एकोणीस सेकंदांची. तिने कोठीतून केला होता. ताई, श्वास — एवढंच तिचं. मग मी. आत्ता नको, मी पूजेत आहे, नंतर बोलू. मग मी फोन न कापता तसाच बाजूला ठेवते. मग ती अजून नऊ सेकंद, नुसता श्वास, ओढून ओढून. त्या दिवशी तिने दुसऱ्या कुणालाही फोन केला नाही. मी आरती पूर्ण केली. नैवेद्य दाखवला. नंतर म्हटलं, संध्याकाळी करू.

केला नाही.

अडीच

पुढचं दार बंद. मूठ फिरत नाही. मागचं बंद. त्याच्या खोलीचंसुद्धा. त्याचा फोन उचलला, पडदा काळा, नुसतं माझंच बोलणं मला ऐकवतो. सोस. सोस जरा. माहेरी आलीस तर लोक काय म्हणतील.

माझं सगळं मला परत करतेय. एकेक करून.

सव्वातीन

समई विझली. तेल होतं. वात होती.

हवा जड झालीय. खिडकी फोडायला स्टूल उचललं, हात वर जाईना. मी म्हटलं, धाकटे, तो होता, तो कोंडायचा, मी नाही. मी फक्त —

फक्त काय, ते मलाच सुचेना.

साडेतीन

माफी मागितली. नाक घासलं कोठीच्या दारापाशी. दाराला पलीकडून कुणीतरी टेकून बसलंय. श्वास ऐकू येतो. ओढून ओढून. त्याचा नाही. हा श्वास मी ओळखते, लहानपणी रात्ररात्र तिची पाठ चोळलीय मी.

चार

लिहिते आहे कारण हात थांबला तर —

कोठीचं कुलूप वाजलं. खट्. आतून.

दार बोटभर —

आत काळोख. तो दिसत नाही. कुणीच दिसत —

वाटलं आता विचारेल, ताई, मी येऊ का. तोंडात उत्तर तयार ठेवलंय, या वेळी ये म्हणणार. विचारलं नाही तिने.

माझाच आवाज आला. कोठीतून. ये, म्हणाला. ये गं, आत ये.

हे मी कधी म्हणाले नव्हते. एकेचाळीसपैकी एकाही —